राजाला शिळा शब्द चालत नसे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही.

त्या राज्यात एक मोठा तलाव होता. तलावाला मातीचा रुंद बांध होता आणि बांधावर राजाने आपला सभामंडप उभारला होता. बांधाच्या खालच्या अंगाला एक वाडी होती. मागे पाणी, पुढे वाडी, मध्ये राजा.

राजाला स्तुती फार प्रिय. कोणत्या राजाला नसते? पण या राजाच्या सभेची एक रीत होती. कुणालाही तोंड उघडायचं तर आधी राजाची स्तुती करावी लागे, आणि एकदा वापरलेला शब्द पुन्हा चालत नसे. "शिळा!" एवढंच राजा म्हणे. मग शिपाई त्या माणसाला उत्तरेच्या दारातून बाहेर नेत. त्या दारातून परत आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. आधीच्या भाटाने एकदा चुकून दुसऱ्यांदा 'सूर्यासारखे' म्हटलं होतं. त्याच्या वहाणा अजून सभेच्या पायरीवर पडल्या होत्या. त्या उचलायची कुणाची छाती नव्हती.

नवा भाट रोज त्या वहाणांशेजारी आपल्या वहाणा काढी.

हा भाट वयाने उतरलेला होता. बापाने त्याला शब्द एकेक करून शिकवले होते. "कौतुक लेकराचं करायचं, शाबासकी कामाला द्यायची, गौरव पराक्रमाचा, स्तुती देवाची. आणि वाहवा करायची ती गाणं मनाला भिडलं तरच. शब्द भलत्या ठिकाणी ठेवू नकोस बाबा, नासतो."

पण भीतीपुढे बापाची शिकवण किती टिकणार? राजा जेवला तरी भाट गौरव करी, शिंकला तरी जयजयकार करी. गुणगान, तारीफ, उदोउदो, सगळं एकाच ओंजळीने ओती. शब्द संपत आले तसा तो ते फुगवू लागला. सूर्य गेला, मग हजार सूर्य आले. समुद्र झाला, मग सात समुद्र. दरबारी तसंच बोलू लागले, आणि हळूहळू वाडीसुद्धा. कुणी वाटीभर ताक दिलं तरी "अमृत, अमृत!" म्हटल्याशिवाय ते प्यायची सोय राहिली नाही. राजाचे कान कुठे असतील, कुणी सांगावं?

भाटाची एकुलती एक मुलगी ठकू त्याच वाडीत दिलेली होती. तिच्या पदरात तान्ही लेक होती.

"बाबा, घरी तरी साधं बोला हो," ठकू म्हणे. "पोरीचे डोळे कमळ झाले, हात कमळ झाले, पायही कमळच. आता नाकाला काय म्हणणार?"

भाट हसून वेळ मारून नेई. आपल्याला साधं बोलता येईनासं झालंय, हे त्याने तिला कधी सांगितलं नाही.

पावसाळा सरत आला होता. तलाव काठोकाठ भरला होता. एका सकाळी भाट सभेला निघाला, तेव्हा बांधाच्या पायथ्याशी राखणदार गुडघाभर चिखलात उभा दिसला. तो एका भोकात पाटीमागून पाटी माती ओतत होता. भोकातून गढूळ पाणी येत होतं.

"काल मनगटाएवढं होतं, भाटबुवा," तो मान वर न करता म्हणाला. "आज मांडीएवढं झालंय. पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन येतंय. दुपार निघेलसं वाटत नाही."

"अरे, मग महाराजांना सांग की!"

"माझ्याकडे कुठले ताजे शब्द? बांधाचं नाव घ्यायच्या आधीच मला उत्तरेच्या दाराने नेतील. तुम्ही सांगा. तुमच्याकडे शब्द आहेत."

भाट चढण चढला. वहाणा काढताना त्याने शेजारच्या वहाणांकडे पाहिलं नाही. मंडपात शिरताच तो ओरडला, "महाराज! पाणी बांधात मावत नाही! बांध फुटतोय!"

प्रधानाने हात जोडले.

"वाहवा! महाराजांची कीर्ती ऐकून तलावालाही उचंबळून आलं!"

सभेत टाळ्या झाल्या.

"नाही हो, प्रधानजी! खरंच फुटतोय! खाली माझी लेक आहे!"

"बघा, बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं," कुणीतरी म्हणालं. "स्तुती करावी तर अशी."

राजाने मान डोलावली. "ताजं आहे. पुढे बोला."

भाट शब्द शोधू लागला. प्रलय म्हणावं, तर तो राजाच्या रागाला वापरून झाला होता. आकांत शत्रूच्या राण्यांना देऊन टाकला होता. भयाचे होते नव्हते तेवढे सगळे शब्द त्याने याच मंडपात ओतले होते, आणि दर वेळी टाळ्या घेतल्या होत्या.

तो मागे फिरला. स्तुती अर्धवट सोडणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती, पण सभेला तेही नवंच वाटलं. टाळ्या वाढल्या. भाट अनवाणीच उतरणीला लागला. पायरीवर आता वहाणांचे दोन जोड राहिले.

वाडीत लोकांनी त्याला धावत येताना पाहिलं. "आले भाटबुवा! आता आमच्या गोवऱ्यांना सोन्याच्या विटा म्हणतील!" एकाने टोमणा मारला. बाकीचे हसले.

ठकू दारात बसून लेकीला अंघोळ घालत होती. भाट तिच्यापुढे उभा राहिला.

"ठकू. ऊठ. चल."

ठकूने वर पाहिलं. ना चंद्र, ना कमळ. बापाचे ओठ पांढरे पडले होते. तिने तांब्या खाली ठेवला. ओल्या पोरीला पदरात गुंडाळलं आणि ती टेकडीच्या वाटेने त्याच्यामागे निघाली.

"अगं, पोर ओलं घेऊन कुठे?" शेजारीण म्हणाली.

"बाबा साधं बोलले," ठकू म्हणाली.

शेजारणीचा चेहरा उतरला. तिने हातातलं सूप खाली टाकलं आणि आपलं मूल कडेवर घेतलं. तिला पाहून पुढचं घर उठलं, त्याला पाहून त्याच्या पुढचं. आता कुणी हसत नव्हतं.

वाडी टेकडीवर पोचली तेव्हा वारा मंडपाकडून वाहत होता. आधी बांध धडधडला. मग टाळ्या ऐकू आल्या. खूप जोराच्या टाळ्या. मग नुसतं पाणी.

राखणदाराची पाटी दूरच्या एका शेतात सापडली. तो सापडला नाही. लोक भाटाला म्हणाले, "बुवा, त्याच्यासाठी चार शब्द बोला."

भाटाने पाटीवरचा चिखल पुसला.

"तो थांबला होता," एवढंच तो म्हणाला.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे रडले.

म्हणून लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: भीतीपोटी जो शब्द उधळून टाकतो, त्याच्याकडे खरी हाक मारायच्या वेळी शब्द उरत नाही.