लहान ढोल्यांच्या ठोकाठोकीबाबत

विषय : लहान ढोल्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळण्याबाबत.
संदर्भ : चिंगी खारीचा तोंडी अर्ज.

फार पूर्वी, वाघालाही कचेरीत बसावे लागे त्या काळी, पाखरे उन्हाळ्यासाठीचे बी खारींच्या ढोल्यांत ठेवत. दरवर्षी सुतारपक्षी येऊन प्रत्येक ढोली ठोकून बघे. आत कीड नाही ना, ठेवलेले बी जागेवर आहे ना, एवढेच त्याचे काम.

चिंगी वाघाला म्हणाली, "महाराज, वडाच्या ढोलीत वीस खारी आहेत. एक सुतारदादांपाशी थांबते, बाकीच्या काम करतात. मी एकटी. त्यांचं ठोकणं चालतं तोवर दारात पाखरं ताटकळतात. लहानांना तीन वर्षांतून एकदाच ठोका."

वाघाला ते पटले. मग त्याला कुतूहल वाटले. "काय हो सुतार, लहान ढोलीत कीड कमी लागते का?"

"सांगता येत नाही, महाराज. कीड आत शिरताना ढोली मोजत नाही."

तेवढ्यात मुनिया पुढे आली. तिचे सगळे बी चिंगीकडे होते आणि घरट्यातली अंडी फुटायला आली होती.

"खारूताई, मग यंदा ढोली उघडून माझं बी तूच दाखव."

"अगं, माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे गं, म्हणून तर ठेवलं. पण पिल्लांना विश्वास भरवता येत नाही."

वाघाने हुकूम दिला : आधी सर्व लहान ढोल्या ठोकून पाहाव्यात. कीड कमी आढळल्यास न ठोकण्याचा विचार करू.

चिंगीने या ठोकण्यातूनही सूट मागितली आहे. मुनिया रोज ढोलीच्या दाराशी येऊन बसते. अर्ज प्रलंबित आहे.