जाळी लावून ऐकावं की काढून

“जाळी लावून ऐकावं की काढून, महाराज? तुम्ही सांगाल ते कायमचं.”

शशिकांत म्हेत्रेनं हे विचारलं तेव्हा दोन्ही स्पीकरच्या जाळ्या त्याच्या हातातच होत्या. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं काळं कापड. उत्तर त्याला ठाऊक होतं. ते बुवांच्या तोंडून तेवढं ऐकायचं राहिलं होतं.

रामगिरबुवा नदीपलीकडच्या मठातून कुणाच्या घरी फारसे जात नसत. शशिकांत त्यांचा जुना शिष्य. त्यानं इचलकरंजीत नवं घर बांधलं, त्यात नुसतं ऐकण्यासाठी म्हणून एक वेगळी खोली केली, आणि तेव्हापासून तो बुवांच्या मागे लागला होता. एकदा येऊन ऐकाच. शेवटी त्या दुपारी बुवा आले. पाय धुऊन झाले, दूध झालं, आणि शशिकांतनं त्यांना थेट त्या खोलीत आणून बसवलं.

लावायला काय, तेही त्यानं राखून ठेवलं होतं. बुवांचे गुरू, मोठे महाराज, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या भजनाची एक जुनी टेप मठात पडून होती. शशिकांतनं ती घरी आणून, रात्री जागून, तिच्यातली खरखर काढली होती.

आधी जाळ्या लावून त्यानं अभंग ऐकवला. मग जाळ्या काढून तोच पुन्हा.

“काय फरक पडला?” बुवांनी विचारलं.

“जाळी असली की आवाजावर साय धरल्यासारखी होते, महाराज. मोठे महाराज अभंग उचलायच्या आधी श्वास घेतात ना, तो त्या कापडात बुजतो. जाळी काढली की ते समोर बसलेत असं वाटतं.”

“श्वास...”

“हो. दुसऱ्या कुणाला तो ऐकू येत नाही. मला येतो.”

बुवा काही बोलले नाहीत. हे मौन म्हणजे शाबासकी, असं शशिकांतनं धरून घेतलं.

बुवा दाराकडे बघत होते.

दारात अप्पा उभे होते. शशिकांतचे वडील. महाराज आल्याचं सुनेनं सांगितलं म्हणून धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले होते. केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. आत या असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते.

बुवांनी हातानं बोलावलं तेव्हा ते आत आले. नमस्कार केला. खोलीत खुर्च्या दोनच होत्या, म्हणून खालीच, स्पीकरला लागून टेकले.

अप्पांची सगळी हयात यंत्रमागावर गेली होती. त्या खडखडाटात कान हळूहळू गेले. आता कानाशी ओरडलं तरी काही पोचत नसे.

“लाव की परत,” बुवा म्हणाले.

शशिकांतनं अभंग लावला.

अप्पा स्पीकरकडे बघत राहिले. जाळी नसल्यामुळे आतला काळा पडदा उघडा होता आणि तो मृदंगाच्या थापेबरोबर आतबाहेर हलत होता. लहान मुलानं बघावं तसं ते बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला, आणि तळवा त्या हलणाऱ्या पडद्यावर ठेवायला गेले...

शशिकांत खुर्चीवरून झेपावला. त्यानं त्यांचं मनगट वरच्या वर धरलं.

दुसऱ्या हातानं त्यानं अभंग बंद केला.

“हे असं आहे, महाराज,” तो बुवांना म्हणाला. आवाज त्यानं अगदी हळू ठेवला होता. तोंडावर हसूही होतं. “म्हणून यांना इथं बसवत नाही. ऐकू तर काहीच येत नाही, आणि नको तिथं हात घालतात. यांना ही खोली काय आणि गोठा काय, सारखंच.”

अप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“खरं आहे,” अप्पा म्हणाले.

शशिकांतचं हसू तोंडावरच राहिलं.

शाळेत असताना तो दुपारी कारखान्यात डबा घेऊन जायचा. मागांच्या आवाजात ओरडून काही उपयोग नव्हता. अप्पांनीच त्याला शिकवलं होतं... ओरडू नको, ओठ नीट हलव, मला कळतं. आज परीक्षेत किती मार्क पडले, आई काय म्हणाली, भाकरीबरोबर काय दिलंय, सगळं तो त्यांना आवाज न काढता सांगायचा. सगळं त्यांना कळायचं.

आताही तो नीट ओठ हलवून बोलला होता. स्वच्छ.

आपल्या मुठीत अजून त्यांचं मनगट आहे हे त्याच्या ध्यानात आलं. मनगटाचं हाड लागत होतं. त्यानं हात सोडला. आपला हात कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

अप्पा जमिनीला हात टेकून उठू लागले.

“बसा महाराज, तुमचं चालू द्या,” ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज जरा चढाच असतो, तसा. रागाचा त्यात लवलेश नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं शशिकांतला वाटलं.

बुवांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. मग स्वतःही खुर्ची सोडून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

“जाळी दे,” ते म्हणाले.

शशिकांतनं दिली.

बुवांना ती बसवता येईना. आधी उलटी लावली, मग तिरकी. शशिकांतच्या डोळ्यांसमोर त्यांची खटपट चालली होती आणि पुढं होऊन मदत करायचं त्याचं धाडस होत नव्हतं. शेवटी एकदाची चौकट जागेवर बसली. उघडा पडदा कापडाआड झाला.

मग बुवांनी अप्पांचा हात हातात घेतला. बोटं एकेक करून सरळ केली, आणि तळवा कापडावर टेकवला.

“लाव.”

अभंग सुरू झाला. मोठ्या महाराजांनी श्वास केव्हा घेतला आणि अभंग केव्हा उचलला, शशिकांतला कळलंच नाही. तो खाली मान घालून फरशीकडे बघत होता.

अप्पांनी तळवा कापडावर आणखी दाबला.

“मृदंग...” ते म्हणाले.

बुवांनी मान डोलावली.

“हाताला लागतोय. हे बघा... हे.” त्यांचा दुसरा हात मांडीवर आपोआप ठेका धरू लागला. सुरुवातीला चुकत, मग नेमका.

“मठातलाच ठेका हा. महाराज म्हणतायत ना मोठे?”

बुवांनी पुन्हा मान डोलावली.

अप्पांनी डोळे मिटले. खोलीत तिघं होते आणि मोठे महाराज गात होते. अभंग संपत आला तसं अप्पांनी डोळे उघडले आणि मान वळवून मुलाकडे पाहिलं.

“शशी, रोज लावतोस व्हय रं हे?”

शशिकांतनं मान वर केली. हो म्हणायला त्यानं ओठ उघडले, पण आता या ओठांचीच त्याला भीती वाटत होती. त्यानं नुसती मान हलवली.

“मला वाटायचं, पेट्या पाहुण्यांसाठी घेतल्यात,” अप्पा म्हणाले. “आणि तू संध्याकाळी दार लावून नुसताच बसतोस. खिडकीतनं दिसायचास मला. डोळे मिटून, हात जोडल्यागत करून... मी म्हणायचो, पोराला कसलीतरी काळजी लागलीय. सांगत नाही. विचारावं तर मला ऐकू येत नाही, ओठ हलवून सांगायचा त्याला त्रास. म्हणून बाहेरच्या पायरीवर बसायचो. तू उठून जेवायला येईस्तोवर.”

शशिकांतनं गुडघे जमिनीला टेकले. गुडघ्यावरच सरकत तो अप्पांच्या समोर जाऊन बसला. त्याला त्यांच्या पायाला हात लावायचा होता. पण थोड्या वेळापूर्वी याच हातानं... त्यानं हात मागं घेतला.

अप्पांना यातलं काही दिसलं नाही. दुसरा अभंग सुरू झाला होता आणि त्यांची नजर कापडावर ठेवलेल्या आपल्या तळव्यावर होती.

“महाराज,” शशिकांत म्हणाला. “मी आता काय करू?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग अप्पांच्या हाताकडे.

“आवाज थोडा वाढव,” ते म्हणाले. “हात म्हातारा आहे त्यांचा.”