समोर बसायचं काम

मला गोष्टी सांगायची हौस नाही. पण तुम्ही पाठ सोडत नाही, म्हणून एकदाच सांगतो.

आमच्या पांचाळ सुताराची वैजू कंप्युटर इंजिनियर झाली. मुकी पोरं हातवारे करतात, ते वाचून बोलणारं यंत्र ती बनवायची. परदेशातल्या कंपनीनं तिला तिथल्या मुक्या पोरांसाठी त्याच कामाला बोलावलं, पण व्हिसा दोनदा नाकारला गेला. या खेपेलाही नाकारला, तर नोकरी जाणार होती.

मुलाखतीला बसल्यावर वकिलातीतला साहेब तोऱ्यातच म्हणाला, "तुमचं काम कंप्युटरवरचं. घरी बसून करा की! आमच्या देशात कशाला येता?"

वैजू हळूच म्हणाली, "साहेब, माझे सगळे कागद तुमच्या कंप्युटरवर आहेत. मग मला एवढ्या लांबून इथं का बोलावलंत?"

"समोर बसल्याशिवाय माणूस कळतो का?"

"माझी पोरं तर बोलतही नाहीत, साहेब. त्यांच्यासमोर बसल्याशिवाय मला ती कशी कळायची?"

साहेबानं चष्मा काढून पुसला आणि व्हिसा मंजूर केला.

पोरगी गेली, पोरांत रमली. तिला शिकवा म्हणून तिच्या बापामागं मी लागलो, तेव्हा मला चारचौघांत खुळा म्हणणारा दाजिबा सुर्वे मात्र अजून माफी मागायला आलेला नाही.