नव्या खोलीची बाहेरची बाजू

"पण बाबा, दगड की वीट, तेवढं एकदा सांगून टाका ना!"

धुंडाबाबा तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी हातातली शेंग सोलली. दाणे परातीत टाकले. सालपट बकरीपुढे टाकलं.

"कोणती वीट?" त्यांनी विचारलं.

शिरीष ठवकरच्या जिवात जीव आला. सकाळपासून बाबांनी पहिल्यांदाच त्याच्या प्रश्नाकडे लक्ष दिलं होतं.

"तिथेच तर घोडं अडलंय, बाबा!" तो म्हणाला आणि मांडी घालून पुढे सरकला.

वैनगंगेच्या काठावर, धामणखेडी गावाबाहेर, बाबांचं विटांचं घर होतं. गावकरी त्याला मठ म्हणायचे. बाबा घरच म्हणायचे. एक खोली, एक ओसरी, मागे स्वयंपाकघर. बाबांच्या गुरूंनी नदीकाठीच भट्टी लावून त्या विटा भाजल्या होत्या. भिंतींना गिलावा कधी झालाच नाही. उन्हापावसाने विटा मऊ पडल्या होत्या. हात फिरवला की हाताला रंग यायचा.

शिरीष नागपूरचा आर्किटेक्ट. त्याच्या बंगल्यांचे फोटो मासिकांत छापून यायचे, आणि ती मासिकं त्याच्या गाडीत मागच्या सीटवर असायची. काही वर्षांपासून तो बाबांकडे येत होता. बाकीचे शिष्य तांदूळ आणायचे, भाजी आणायचे. शिरीष म्हणाला, मी खोली बांधून देतो.

खोली भागरताबाईसाठी होती. मठाचा सगळा स्वयंपाक तिच्याकडे. ती झोपायची स्वयंपाकघरातच, तांदळाच्या पोत्यांच्या आणि उंदरांच्या मध्ये.

जुन्या घराला लागून खोली भराभर उभी राहिली. छप्पर चढलं. दार बसलं. आतून चुना लागला. बाहेरून गिलाव्याचा पहिला हात फिरला... आणि तिथे काम थांबलं.

बाहेरून काय लावायचं, ते शिरीषचं ठरेना.

तशीच वीट लावावी, तर तशी वीट मिळेना. भंडाऱ्याची आणली, पवनीची आणली. जुन्या विटेशेजारी ठेवली की नवी वीट लाजल्यासारखी जास्तच लाल दिसायची. दगड लावावा, तर जुनं घर गरीब दिसे. रंग द्यावा, तर नवी खोली गरीब दिसे. आणि मनातल्या मनात शिरीषला हेही वाटायचं की, नावेतून नदी ओलांडणाऱ्या माणसानं मान वर करून विचारावं, ही खोली कोणी बांधली हो?

हे मात्र त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं नाही.

तोवर त्याने दाराला कुलूप घातलं होतं. एकदा माणूस राहायला आलं की खिळे येतात, दोऱ्या येतात, भिंतीचं वाटोळं होतं. किल्ली त्याच्या खिशात. खिसा नागपूरला.

"बाबा," शिरीष आता आवाज जरा खाली आणून म्हणाला, "नव्याने जुन्याचं सोंग घेऊ नये. आणि नव्याने जुन्यापुढे तोराही मिरवू नये."

हे वाक्य त्याने एका व्याख्यानात म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

बकरीने मान वर केली.

"मग नव्यानं काय करावं?" बाबांनी विचारलं.

"तेच तर मी तुम्हाला विचारतोय!"

"अस्सं..."

बाबांनी पुढची शेंग उचलली.

शिरीषने मोठा श्वास घेतला. "निदान मी आणलेले नमुने तरी बघितलेत का? मागच्या खेपेला ग्रॅनाइट ठेवून गेलो होतो. लाकडासारखी दिसणारी ती फळी. आणि तो चमकणारा पत्रा."

"बघितले."

"कुठे आहेत?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. आत काहीतरी खसाखसा वाटलं जात होतं. मग भागरताबाई दारात आली. तिच्या हातात ठेचा होता आणि डोळ्यांत मिरचीचं पाणी.

"साहेब, तो काळा दगड लय कामाचा हाये. पाट्यापेक्षा बरा. असाच आणखी एक आणा, धुणं धुवाले."

शिरीषने मान फिरवली. चमकणारा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर होता. एक कोंबडी त्यावर उभी राहून स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत होती.

"आणि फळी?"

बाबा किंचित एका बाजूला सरकले. ते फळीवरच बसले होते.

"बसायला चांगली आहे," ते म्हणाले.

शिरीषला राग आला. पण गुरूंसमोर राग यायला नको, म्हणून त्याने डोळे मिटले. भागरताबाईला वाटलं, झोप आली. तिने संधी साधली.

"आन् ऐका, साहेब. सोमवारच्या बाजारापावतो खोली उघडली तर ठीक. नाही तर मी चालली गोंदियाले, बहिणीकडे. काल उंदीर माह्या वेणीत होता!"

बाबांचा हात थांबला.

धुंडाबाबांना कसलाही मोह उरलेला नाही, असं सगळे शिष्य म्हणत. भागरताबाईच्या हातच्या वांग्याच्या भाजीचा आहे, एवढं मात्र कोणी म्हणत नसे.

"शिरीष."

"जी, बाबा?"

"उन्हात बसलास. इकडे ये. भिंतीला टेकून बस."

शिरीष सावलीत आला, पण टेकला नाही. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून ताठ बसला.

"टेक की."

"नको, बाबा. कपड्यांना वीट लागेल."

त्या दिवशी त्याने नवा सदरा घातला होता. बाबांच्या बंडीच्या रंगाचा. अगदी त्याच. त्यासाठी त्याने मागे एकदा बाबांच्या बंडीचा सुटलेला धागा गुपचूप काढून नेला होता आणि इतवारीतल्या रंगाऱ्याला दाखवला होता. रंगाऱ्याने पहिल्यांदा भगवा केला. मग गेरू केला. शिरीषने दोन्ही परत पाठवले. शेवटी तो रंग साधला, तेव्हा रंगारी त्याच्या पाया पडायचा बाकी होता. आज सकाळपासून शिरीष वाट बघत होता, बाबा सदऱ्याबद्दल काही बोलतील.

"रंग छान आहे," बाबा म्हणाले.

शिरीषचा चेहरा उजळला. "तुमचाच आहे, बाबा. हाच रंग का, हे मात्र मी कधी विचारलं नाही. वैराग्याचा असतो ना?"

बाबांनी भागरताबाईकडे बघितलं. भागरताबाईने बाबांकडे बघितलं.

"कायचं वैराग्य!" ती म्हणाली. "पांढरीफेक बंडी आणते मी दर साली. हे दिवसभर भिंतीले पाठ लावून बसते, आन् ते होते लाल. घासून घासून माहे हात गेले. मग मीच म्हटलं, राहू दे तिकडं!"

बाबा पुढे वाकले आणि पाठ वळवून बसले. पाठीवर बंडी विटेसारखी लाल होती. खांद्यांवर फिकी. पोटाकडे तर नुसती मळकी.

शिरीषने आपल्या सदऱ्याकडे पाहिलं. पुढून, मागून, बाह्यांवर, सगळीकडे एकसारखा रंग होता. खिशाच्या आतसुद्धा...

पत्र्यावर कोंबडी चोच आपटत होती.

मग बाबांनी हात पुढे केला.

"किल्ली."

शिरीषच्या अंगावर काटा आला. वर्षानुवर्षं लोक ज्या क्षणाची वाट बघतात तो हाच, असं त्याला वाटलं.

"कसली किल्ली, बाबा? मनाची?"

"खोलीची."

शिरीषने खिशातून किल्ली काढली. बाबांपर्यंत ती पोचलीच नाही. मधेच भागरताबाईने घेतली आणि दिवस मावळायच्या आत तिची वळकटी, पेटी, देव आणि लोणच्याच्या बरण्या नव्या खोलीत गेल्या. रात्री वांग्याची भाजी झाली. बाबांनी दोनदा मागून घेतली.

नागपूरला परतल्यावर शिरीषचं कामात लक्ष लागेना. बंडी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. ज्या रंगासाठी आपण रंगाऱ्याचा जीव खाल्ला, तो नुसता बसून येतो! त्याला लाज वाटली. मग त्याला वाटलं, लाज वाटली ही फारच चांगली गोष्ट झाली, आपली प्रगती होते आहे. मग त्याचीही जरा लाज वाटली.

आणि एका सकाळी दाढी करताना त्याला उत्तर सापडलं.

जुन्या भिंतीखाली विटांची भुकटी पडते. ती गोळा करायची, चुन्यात कालवायची आणि नव्या भिंतीवर हात द्यायचा. सोंग नाही, तोरा नाही. जुन्याचाच कण नव्याच्या अंगावर! त्याने अर्धी दाढी तशीच ठेवून हे लिहून घ्यायचं ठरवलं होतं, पण बायकोला आरसा हवा होता, म्हणून आधी दाढी उरकावी लागली. तरी वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. धामणखेडीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याने ते गाडीत कितीतरी वेळा मोठ्याने म्हणून बघितलं.

वळणावर घर दिसलं आणि त्याने गाडी थांबवली.

नवी भिंत पालटली होती.

जोत्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत भिंतीवर तपकिरी गोल होते. जाडसर, ओबडधोबड, आणि प्रत्येकावर पाच बोटांचे खोल ठसे. सकाळचं तिरपं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. प्रत्येक गोलाची सावली वेगळी. जुन्या विटांशेजारी ते असे दिसत होते, जणू दोन्ही एकाच मातीतून वर आले असावेत.

"काय टेक्सचर आहे!" शिरीष पुटपुटला. असं आपल्याला का सुचलं नाही, म्हणून त्याला क्षणभर हेवाही वाटला.

मग वारा फिरला.

वास आल्यावर तो धावतच सुटला.

भिंतीपाशी धुंडाबाबा उभे होते. कोपरापर्यंत शेणाने भरलेले. भागरताबाई पाटीतून गोळा करून देत होती आणि बाबा तो भिंतीवर थापत होते.

"पातळ होते, बाबा," ती कुरकुरत होती. "अशी गोवरी भुर्रकन जळून जाते. जाड थापा."

"बाबा!" शिरीष ओरडला. "ही... ही भिंत..."

"ऊन चांगलं येतं हिच्यावर," बाबा म्हणाले. "जुन्या भिंतीला येत नव्हतं."

"अहो, पण मी उत्तर आणलंय! विटांची भुकटी! जुन्याचाच कण..."

बाबांनी त्याच्या हातात शेणाचा गोळा ठेवला.

गोळा कोमट होता. शिरीष त्याच्याकडे बघत राहिला. वाक्याचा पुढचा भाग त्याला आठवेना.

"मार," बाबा म्हणाले.

त्याने गोळा भिंतीवर हलकेच लावला. गोळा घसरला आणि त्याच्या चपलेवर पडला.

भागरताबाईने तोंडाला पदर लावला.

"जोरात," बाबा म्हणाले.

शिरीषने दुसरा गोळा घेतला. नागपूरहून इथवर जे काही मनात साठलं होतं, ते सगळं एकवटून त्याने हात मारला. थप्प! गोळा बसला. त्यावर त्याची पाच बोटं उमटली.

त्याला विलक्षण बरं वाटलं.

त्याने आणखी एक मारला. मग आणखी एक. सदऱ्यावर शिंतोडे उडाले, केसांत उडाले. मग तो चार पावलं मागे गेला, एक डोळा मिटून बघू लागला आणि पुढे येऊन त्याने बाबांची एक गोवरी उचकटून बोटभर डावीकडे लावली.

"काऊन जी?" भागरताबाईने विचारलं. "नीट तर होती."

"सांध्यावर सांधा येत होता," शिरीष म्हणाला. "जुन्या भिंतीत बघा. खालच्या दोन विटांच्या मधोमध वरची वीट येते. गोवऱ्याही तशाच आल्या पाहिजेत."

भागरताबाई मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी पुढची गोवरी, शिरीषने बोट दाखवलं होतं, बरोबर तिथेच थापली.

दुपारपर्यंत दोघांनी मिळून ती बाजू भरून काढली. पाटी रिकामी झाली. शिरीषने कपाळावरचा घाम पुसला. त्यामुळे कपाळ आणखीच बरबटलं. नदीतून एक नाव चालली होती. नावेतली माणसं माना वर करून बघत होती. शिरीषने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो भिंतीकडे बघत होता.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "आता अगदी खरं सांगा. या भिंतीला बाहेरून काय लावायचं?"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, डोक्यापासून चपलेपर्यंत...

"आधी हे सगळं वाळू तर दे."