बांबूची काडी

एकदा एक गुरू होता, असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपोआप आश्रम उभा राहतो, पांढरी दाढी येते, मृगाजिन येते. आमच्या गोष्टीतल्या गुरूला दाढी नव्हती. रोज सकाळी ती घोटून काढण्याबद्दल ते फार काटेकोर होते. मृगाजिनाच्या जागी एका भंगारात गेलेल्या मोटारीची सीट होती आणि तिच्या स्प्रिंगा बसणाऱ्याला टोचत. नाव गुंडोपंत. पंचगंगेकाठच्या एका पेठेत त्यांचे दुकान होते आणि तिथे एकच काम चाले: जुन्या मोटारींतले व्हॉल्वचे रेडिओ पुन्हा बोलते करायचे.

आता ही काय विद्या झाली, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. हे रेडिओ बटण दाबल्याबरोबर वाजत नाहीत. आधी आतला व्हायब्रेटर भुंग्यासारखा गुणगुणू लागतो, मग काचेचे व्हॉल्व हळूहळू तापून लाल होतात आणि अर्ध्या मिनिटाने कुठून तरी लांबून आवाज चालत येतो. ज्याला घाई आहे त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. सगळी दुरुस्ती झाली, रेडिओ मोटारीत बसला, तरी शेवटचे एक काम उरतेच. एरियलच्या खोबणीशेजारी बोटभर खोल भोक असते, त्यात एक बारीक स्क्रू असतो, आणि तो फिरवून रेडिओचे त्या मोटारीच्या एरियलशी जुळवून द्यायचे असते. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर तिथे चालत नाही, कारण लोखंड जवळ गेले तरी जुळलेले बिनसते. म्हणून गुंडोपंतांनी बांबूची एक काडी तासून घेतली होती. टोकाला चपटी, आणि वर्षानुवर्षे हाताळून मधासारख्या रंगाची झालेली.

त्या काडीला शिष्यांनी हात लावायचा नाही, हा दुकानाचा दंडक. त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या काड्या होत्या. ज्या दिवशी शिष्य तयार झाला असे वाटेल, त्या दिवशी गुंडोपंत आपली काडी त्याला देत आणि स्वतःसाठी नवी तासत. आजवर दोघांनाच मिळाली होती. काडी मिळाली की तो वस्ताद, मग त्याने खुशाल आपले दुकान थाटावे.

विरूपाक्ष, म्हणजे विरू, सात वर्षे त्या काडीकडे डोळे लावून बसला होता. वय तिशीला टेकलेले, हात सोन्याचा. जळालेला ट्रान्सफॉर्मर नुसत्या वासावरून ओळखणारा. मिरजेत त्याने दुकानासाठी गाळा बघून ठेवला होता; इतकेच काय, पठ्ठ्याने पाटीसुद्धा रंगवून आणली होती आणि कुणाला दिसू नये म्हणून घरी पलंगाखाली सरकवून ठेवली होती. बाजारात तुरी, दुसरे काय! पण त्याला हसू नका. सात वर्षे दुसऱ्याच्या दुकानात बसून आपल्या नावाची पाटी मनात वाचणे सोपे नसते.

एके दिवशी गुळाचे व्यापारी बाळगोंडा मगदूम आपली पन्नास सालची काळी मोटार घेऊन दुकानापुढे आले. मागच्या सीटवर त्यांचे वडील होते, आप्पा. नव्वदीला आलेले, हाताच्या शिरा दोरीसारख्या, आवाज तर असा की जवळ गेल्याशिवाय कळू नये.

बाळगोंडांचा आवाज मात्र बाजारात सौदे करून कमावलेला. "हे बघा वस्ताद, पुढच्या म्हैन्यात पोरीचं लगीन हाय. वरात ह्याच गाडीतनं काढणार. रेडिओचा आवाज असा पायजे की दोन गल्ल्या पलीकडचं माणूस दारात येऊन उभारलं पायजे!"

"विरू, ही गाडी तुझी," गुंडोपंत म्हणाले. मग खिशातली काडी काढून त्यांनी नुसती बोटांत फिरवली आणि परत खिशात ठेवली. "मी मध्ये बोलणार नाही."

 विरू बाळगोंडांचे म्हणणे टिपून घेऊ लागला. मधेच मागच्या काचेतून आप्पांनी हात बाहेर काढला आणि काहीतरी म्हणाले. बाळगोंडा बोलतच होते. आप्पांनी पुन्हा ओठ हलवले. विरूने खाली वाकून, मोठ्या प्रेमाने, त्यांचा हात थोपटला आणि म्हणाला, "व्हय आप्पा, होईल, सगळं होईल." मग तो पुन्हा बाळगोंडांकडे वळला. आप्पांनी हात आत घेतला.

तीन आठवडे विरूने जीव ओतला. डबा उघडला तेव्हा आत उंदराने घर केले होते. वाळलेले कंडेन्सर काढले, नवे बसवले, व्हायब्रेटरची काळी पडलेली टोके घासून लख्ख केली. खूप वर्षे झोपलेल्या रेडिओला एकदम पूर्ण बॅटरी दिली तर तो जळतो, म्हणून रोज थोडी थोडी वीज देत त्याला जागे केले. दोन रात्री त्याला स्वप्नातही गुणगुण ऐकू आली. गुंडोपंत समोर बसून हे सगळे बघत होते आणि कबूल केल्याप्रमाणे अवाक्षर काढत नव्हते.

रेडिओ मोटारीत बसला. विरूने जवळचे केंद्र लावले, प्लास्टिकच्या काडीने शेवटचा स्क्रू फिरवला, आणि आवाज असा घुमला की समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसे खरेच दारात आली.

दुसऱ्या दिवशी बाळगोंडा आले, आप्पा आले. गाणे लागले. बाळगोंडा खूश होऊन बॉनेटवर थाप मारत म्हणाले, "वा रं वा! ह्याला म्हणायचं काम!" विरू गुंडोपंतांच्या खिशाकडे बघत उभा राहिला.

गुंडोपंत उठले. मोटारीच्या पुढच्या सीटवर बसले, वाकले, खिशातली काडी काढली आणि विरूने जुळवलेला स्क्रू सर्वांदेखत उलटा फिरवला. एक फेरा, दुसरा फेरा.

"वस्ताद!" विरू ओरडला. बाळगोंडांचा हात बॉनेटवर तसाच राहिला. तीन आठवड्यांची मेहनत म्हाताऱ्याने दोन फेऱ्यांत मातीत घातली, असेच कुणालाही वाटले असते.

आणि गाणे मात्र चालूच होते. थोडाही आवाज कमी नाही.

"मी बिघडवला," गुंडोपंत शांतपणे म्हणाले. "तरी वाजतोय. मग काल तू जुळवलंस ते काय?"

 विरूला संताप आला, लाज वाटली, दोन्ही एकदम. गुंडोपंतांनी त्याला गाडी सुरू करायला सांगितले. मग मागे वळून त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवली, रेडिओ बंद केला आणि विचारले, "आप्पा, कुठं जायचं?"

आप्पांचे ओठ हलले. सगळे गप्प होते म्हणून ऐकू आले. "पुलावर."

बाळगोंडाही पुढेच दाटीने बसले आणि नदीच्या पुलाचा चढ चढून मोटार टोकाशी उभी राहिली. विरू इंजिन बंद करायला गेला तर गुंडोपंतांनी त्याचा हात धरला. "चालू राहू दे. मोटारीचा रेडिओ मोटारीच्या गुरगुरीतच ऐकायचा असतो." मग पुन्हा मागे वळले. "आप्पा, कोणतं केंद्र?"

"त्याला सांगितलं हुतं मी," आप्पा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, हेच विरूला जास्त लागले. "कानडी लागंल का, म्हणून इचारलं हुतं. आमची ही कानडी. लगीन होऊन आली तवा हिला बोलायला कोण न्हवतं. मग दर रविवारी गाडी हितं आणून उभी करायचो. हितं चढावर तिकडचं केंद्र बारीक बारीक लागायचं. ही ऐकायची. मला काय कळायचं न्हाई. मी हिच्याकडं बघत बसायचो."

"आप्पा, ह्ये मला कधी सांगितलं न्हाईसा!" बाळगोंडांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"सांगत हुतो की," आप्पा म्हणाले.

विरूने डायल फिरवली. जिथे ते केंद्र असायला हवे तिथे नुसती खरखर होती. जवळचे केंद्र तर दोन गल्ल्या गाजवत होते, आणि इथे म्हातारा ज्याची वाट बघत होता तिथे काही नाही.

गुंडोपंतांनी बांबूची काडी विरूच्या हातात दिली. सात वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्या हातात आली होती आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

"विरू, दांडगं केंद्र कशावरही लागतं रे," ते म्हणाले. "एरियलच्या जागी खिळा खोचला तरी लागतं. आपलं काही चुकलंय, हे ते आपल्याला कळूच देत नाही. म्हणून स्क्रू नेहमी दुबळ्या केंद्रावर जुळवायचा. दुबळं नीट आलं की दांडगं न बोलावता येतं. हे तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"माहीत होतं, वस्ताद."

"मग का नाही केलंस?"

"शेटजींनी आवाज मागितला होता."

"आणि आप्पांनी?"

विरूला तो हात आठवला. काचेतून बाहेर आलेला, आणि आपण इतक्या प्रेमाने थोपटून परत पाठवलेला.  तो वाकला आणि काडी स्क्रूत घातली. केसाएवढी फिरवायची, थांबायचे, ऐकायचे. इंजिन गुरगुरत होते, पुलावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. पाव फेरा. खरखर थोडी बसली. आणखी थोडे. मग त्या खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला, कानडीतून काहीतरी सावकाश वाचून दाखवणारा. फार मोठा नव्हता. पण शब्द न् शब्द वेगळा होता.

विरूने मागे पाहिले. आप्पा रडले नाहीत, हसले नाहीत. ते फक्त सीटवर थोडे बाजूला सरकले, आणि आपल्या शेजारची जागा त्यांनी मोकळी केली.

 परत निघताना बाळगोंडांनी रेडिओच्या बटणाला हात लावला नाही, पूल उतरल्यावर ते केंद्र आपोआप विरून जाईपर्यंत तो तसाच राहू दिला.

दुकानाशी आल्यावर गुंडोपंतांनी हात पुढे केला. विरूने काडी त्यांच्या तळहातावर ठेवली. मागितली नाही, रुसला नाही. घरी जाऊन त्याने पाटी पलंगाखाली आणखी आत सरकवली.

दोन महिने गेले. वरात झाली, दोन गल्ल्या पलीकडची माणसे दारात आली, कारण दांडगे केंद्रही छानच लागत होते. एका दुपारी दुकानात एक टेम्पोवाला आला. हातात जुना मोटारीचा रेडिओ आणि बोलताना अडखळणारी जीभ. आत चाचणीला लावलेला एक रेडिओ मोठ्याने वाजत होता. "म... म... माझ्या व... व..." त्याने सुरुवात केली. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाने लगेच वाक्य पुरे केले. "वाजत नाही? ठेव की मग, करून देतील!" माणूस बिचारा गप्प झाला आणि मान हलवू लागला, रोज असेच होत असणार.

विरू उठला. आधी त्याने चाचणीचा रेडिओ बंद केला. मग स्टूल ओढून त्या माणसासमोर बसला आणि म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही सांगा. मला काय गडबड न्हाई."

माणूस सांगू लागला. फार वेळ लागला. विरूने एकही शब्द त्याच्या तोंडात घातला नाही. शेवटी कळले की रेडिओ उत्तम वाजत होता. वडिलांची मोटार भंगारात गेली होती, तेवढा तो काढून आणला होता, आणि घरी टेबलावर तो कसा वाजवता येईल एवढेच त्याला विचारायचे होते. दुरुस्तीला ठेवून घेतला असता तर चांगला वाजणारा रेडिओ उघडून बसलो असतो, हे विरूच्या ध्यानात आले आणि तो मनाशीच हसला.

तो माणूस गेल्यावर विरू आपल्या टेबलाकडे वळला. कंडेन्सरच्या डबीशेजारी मधाच्या रंगाची बांबूची काडी ठेवलेली होती. पलीकडे आपल्या टोचणाऱ्या सीटवर बसून गुंडोपंत मान खाली घालून एक नवा बांबू तासत होते.

"वस्ताद..." विरू म्हणाला.

"पाटी रंगवून झालीय ना?" गुंडोपंत वर न बघता म्हणाले. "मग पावसाळ्याआधी लाव. पलंगाखाली रंग धरत नाही."

तुमच्या-माझ्या घरातही दांडगी केंद्रे पुष्कळ असतात, ती ऐकू येतातच. आज जाताना एखाद्या बारीक आवाजाशेजारी स्टूल ओढून बसा, एवढेच सांगायचे होते.