रमिलाने दिलेला खो

“मला इथं बरं का वाटत नाही, अण्णा?”

रमिला पावरा सातपुड्यातल्या एका पाड्यावरून विद्यापीठात शिकायला आलेली. खो-खोच्या संघात तिच्याएवढं कुणी पळत नसे. शिक्षण सोडून घरी चालले, एवढंच सांगायला ती त्या संध्याकाळी मैदानावर आली होती.

अण्णा खैरनार वाकून फक्कीने मैदान आखत होते. मुलींना खो-खो शिकवण्यात त्यांचे केस पिकले होते.

तिने सगळं सांगितलं. वसतिगृहात तिच्या बोलण्याला मुली हसल्या, तिने गिळलं. गणितात नापास झाली, पुन्हा बसून पास झाली. तापाने फणफणली, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या नसीमलाही कळू दिलं नाही. सांगताना मान ताठ होती.

“मी कुणापुढं रडले नाही, अण्णा. एकदाही नाही.”

“हं…”

अण्णांनी हात झटकले आणि तिला इतर मुलींबरोबर मधल्या पाटीवर, ओळीत बसायला सांगितलं.

बस्स, एवढंच? रमिलाला राग आला. तरी ती जाऊन बसली.

मग अण्णांनी जाहीर केलं, आज पाठलाग ते स्वतः करणार. मुलींनी शिट्ट्या मारल्या. सत्तरीचे अण्णा, दोन्ही गुडघे धरलेले. चार पावलं चालले आणि त्यांनी रमिलाच्या पाठीवर थाप मारली.

“खो!”

ती उसळून उठली. मागे पाहते तो तिच्या जागी अण्णा बसलेले, हाश्शहुश्श करत. सगळं मैदान हसत होतं.

पुढे वैदेही पळत होती. रमिला तिच्यामागे सुटली. बोटभर अंतर उरलं तोच वैदेही बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे निसटली. पाठलाग करणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही. रमिलाने नेहमीचंच केलं. खो न देता खांबाला वळसा घातला आणि पलीकडून आली. वैदेही पुन्हा अलीकडे.

पुन्हा खांब, पुन्हा वळसा. एका वळणावर पाय सरकला आणि ती सपशेल आपटली.

उठली. पळाली. ऊर फुटायला आला. एरवी अण्णा ओरडायचे, आज नुसते बघत बसले होते.

“दे ना गं!” पाटीवरून कुणीतरी कळवळून म्हणालं.

समोर एक पाठ होती. नसीमची. तिच्यापुढे, अगदी हाताशी, वैदेही दम खात उभी होती.

रमिला थबकली…

मग तिचा हात आपोआप उठला.

“खो!”

नसीम बाणासारखी सुटली. तिच्या जागी रमिला धपकन बसली, आणि बसते न बसते तोच वैदेही बाद. मुली किंचाळत उठल्या. कुणी तिला मिठी मारली, कुणी तिचे केस विस्कटले. सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडतंय हे तिला जरा उशिराने कळलं. तीच ओरडत होती.

ती धावत अण्णांकडे आली. ते अजून पाटीवरच बसले होते. शब्द एकमेकांवर आदळत होते. नसीम कशी उठली, वैदेही कशी फसली, आम्ही तिला कसं पकडलं, हातवारे करून ती सांगत सुटली.

ती दम घ्यायला थांबली, तेव्हा त्यांनी तिच्या पायाकडे बोट केलं. गुडघा फुटला होता. रक्त पोटरीपर्यंत आलं होतं.

मागून नसीम पाण्याची बाटली घेऊन पळत येत होती.

“काही नाही, अण्णा,” रमिला घाईने म्हणाली. “दुखत नाही.”

अण्णांनी उठण्यासाठी तिच्याकडे हात पुढे केला.

“आता दुखलं तरी चालेल, पोरी.”