बावीस अंशांतला बर्फ

"पण बर्फ येणार कुठून, बाई? बाहेर बावीस अंश आहे!"

हेरंब हसला. लेखी परीक्षेत तो फ्लाइंग क्लबात पहिला आला होता. आज वत्सलाबाई खानोलकरांनी होकार दिला, तर तो पहिल्यांदा एकटा उडणार होता.

बाई शेजारच्या सीटवर होत्या. पस्तीस वर्षं त्या विमान उडवायला शिकवत आल्या होत्या.

"हवा ओली आहे," त्या म्हणाल्या. "इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेत मिसळताना पेट्रोलची वाफ होते, तिथं गारठा धरतो, बर्फ जमतो."

"वाचलंय मी. ते थंड देशांचं."

"बरं."

उड्डाणानंतर हजार फुटांवर इंजिनाचा आवाज बसला. वेग वाढवायला हेरंबने थ्रॉटलचा दांडा पुढे लोटला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खालीच.

"आता?" बाईंनी विचारलं.

त्याने कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी मूठ ओढली. इंजिन खोकू लागलं, विमान थरथरलं, काटा आणखी घसरला. त्याने घाईने मूठ परत आत ढकलली.

"बाई, यानं तर जास्तच बिघडतंय!"

"ओढ."

ओढली. पुन्हा तोच खोकला... पुन्हा त्याचा हात ढकलायला निघाला.

"तुझी आई संकष्टी करते ना?"

"बाई, हे आत्ता?"

"चंद्र दिसायच्या आधी पान वाढून घेते का?"

"नाही..."

"आणि भूक कधी जास्त लागते म्हणते?"

"शेवटच्या तासाला."

बाईंनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले.

खाली ऊस जवळ येत होता. उसातली पायवाट दिसू लागली.

"तुम्ही धरा ना, बाई!"

हात मांडीवरच.

हेरंबने दात आवळले. विमानाचं नाक जरा खाली ठेवलं, मूठ तशीच ओढून धरली. इंजिन धडधडलं... गुदमरलं... वितळलेलं पाणी कसंबसं गिळलं...

आणि आवाज मोकळा झाला. काटा चढू लागला.

धावपट्टीवर उतरल्यावर त्याने विमान कडेला थांबवलं. तोवर ऊन चढलं होतं. गवतावरचं दव गेलं होतं, हवा कोरडी झाली होती.

"मला शेवटपर्यंत खात्री नव्हती, बाई. नुसता धरून बसलो होतो. आज एकट्यानं नको..."

बाईंनी पट्टा सोडला. त्या खाली उतरल्या. दार लावता लावता वाकल्या.

"खात्री असती, तर आणखी महिनाभर थांबवलं असतं तुला. जा."